दोघांची प्रार्थना: पाच मिनिटं पुरेत
नवरा-बायकोनं एकत्र प्रार्थना सुरू करताना अर्ध्या तासाचा बेत आखू नका, तो आठवडाभरही टिकत नाही. रात्री दिवा मालवला की हात हातात घ्या आणि एकच विचारा, "उद्या तुझ्यासाठी काय मागू?" मग तेवढंच मोठ्याने मागा. शब्द सुचले नाहीत तर 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही येशूने शिकवलेली प्रार्थना आहेच. पथ्य मात्र एक पाळा: प्रार्थनेच्या आडून टोमणा नको. "प्रभू, ह्यांना जरा संयम दे" ही प्रार्थना नव्हे, तक्रार झाली! भांडण झालं असेल तर आधी माफी मागा. पत्नीला मान द्या, नाहीतर प्रार्थनेत अडथळा येईल, असं बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:७) नवऱ्यांना बजावलंच आहे. जोडीदार पेंगत असेल त्या रात्री नुसत्या 'आमेन'वर भागवा.