'पहेली' बघून "काहीही दाखवतात" म्हणायच्या आधी हे करून बघा

परवा एका मैत्रिणीला 'पहेली' बघ म्हणून सांगितलं तर तिने अर्ध्यातच बंद केला, म्हणे भूत काय नवऱ्याचं रूप घेतं, काहीही दाखवतात. मला खरंच वाईट वाटलं, कारण माझा फार लाडका पिक्चर आहे हा. आणि असे प्रेमाचे, अद्भुत गोष्टींचे पिक्चर बघायची जरा वेगळी पद्धत लागते, म्हणून मी कसा बघते आणि त्यावर लिहायचं झालं तर मत कसं बनवते ते सांगते. शेवटाबद्दलही बोलणार आहे, त्यामुळे ज्यांना शेवट आधी कळलेला चालत नाही त्यांनी आधी बघून या.

पहिली गोष्ट, भूत असतं का नसतं हा विषय सोडून द्या. ही मुळात राजस्थानी लोककथा आहे, बोरुंदा गावच्या विजयदान देथांनी ती 'दुविधा' नावाने लिहिली, आणि आजी गोष्ट सांगत असताना आपण "पण असं कसं होईल" म्हणून तिला अडवतो का? त्यापेक्षा स्वतःला एवढंच विचारा की भूत आणल्यामुळे असं काय दाखवता आलं जे साध्या माणसांच्या गोष्टीत जमलं नसतं. इथे उत्तर फार सुंदर आहे. नवरा आणि भूत दोघांचा चेहरा तोच, पागोटं तेच, घर तेच, म्हणजे दिसण्यावरून निवड करायचा प्रश्नच राहत नाही, फरक उरतो तो फक्त वागण्याचा.

म्हणून पहिला अर्धा तास फोन बाजूला ठेवून बघा. नवरा किशन लग्नाच्या पहिल्या रात्री हिशोबाची वही घेऊन बसतो आणि सकाळी वडिलांनी ठरवलेल्या मुहूर्तावर ५ वर्षांसाठी धंद्याला निघून जातो, आणि या सगळ्यात त्याच्या नव्या बायकोला, लच्छीला, काय हवंय हे एकही माणूस विचारत नाही. मग भूत येतं. सगळं घर फसलेलं असतं, त्याला गप्प बसून सहज खपून जाता आलं असतं, पण खोलीत आल्यावर तो तिला खरं सांगून टाकतो की मी तुझा नवरा नाही, आता तू ठरव. हा सीन परत लावा आणि दुसऱ्या वेळी फक्त लच्छी झालेल्या राणी मुखर्जीचा चेहरा बघा. आमच्याकडे हा सीन चालू असताना माझी मावशी, जी पिक्चरमध्ये सहसा काही बोलत नाही, एकदम म्हणाली, "अगं, त्याने विचारलं तरी तिला!" मी मत बनवायला बसले की अजून तिथूनच सुरुवात करते.

शक्यतो मोठ्या स्क्रीनवर बघा, रवी के. चंद्रनचा कॅमेरा आहे, ते रंग आणि दिव्यांचा उजेड मोबाईलवर कळत नाही. गाणी पुढे ढकलू नका, गुलजारचे शब्द आणि एम. एम. क्रीमचं संगीत आहे, 'धीरे जलना'साठी श्रेया घोषालला राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. आणि त्या दोन कठपुतळ्या आहेत ना, त्यांना नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक शाह यांचे आवाज आहेत, त्या पोरखेळ वाटल्या तरी ऐका, आपल्याकडच्या सूत्रधारासारखं काम आहे त्यांचं, ही गोष्टच आहे हे त्या सारखं आठवण करून देत राहतात.

आवडला म्हणून सगळंच चांगलं असं मात्र लिहू नका. उंटांच्या शर्यतीचा भाग मला लांबलेला वाटतो. पण तिथे कंटाळून जुही चावला सोडू नका, घर सोडून गेलेल्या नवऱ्याची वाट बघत बसलेली ही जाऊ म्हणजे भूत आलं नसतं तर लच्छीचं काय झालं असतं ते आपल्यासमोर वावरत असतं.

दिग्दर्शक अमोल पालेकर आहेत, आणि २००५ च्या या पिक्चरआधी दोनच वर्षं त्यांनी मराठीत 'अनाहत' केला होता, त्यात एका राजाची राणी नियोगासाठी, म्हणजे मूल व्हावं म्हणून नवऱ्याऐवजी दुसऱ्या पुरुषाकडे जायच्या जुन्या प्रथेसाठी, एका रात्रीपुरता पुरुष निवडते. तो बघितला असेल तर 'पहेली'तली लच्छी एकदम वेगळी कळते, बाईच्या इच्छेबद्दल हा माणूस आधीपासूनच विचार करत होता हे लक्षात येतं.

आता शेवट, आणि मत खरं इथे ठरतं. मेंढपाळ झालेला अमिताभ भुताला पखालीत, म्हणजे पाण्याच्या चामडी पिशवीत, कोंडतो. देथांच्या कथेत आणि १९७३ साली मणी कौलनी केलेल्या 'दुविधा'त तिथून सुटका नाही, लच्छी नको असलेल्या नवऱ्याकडेच राहते. पालेकरांनी भुताला किशनच्या शरीरात परत आणलं. मला लच्छीसाठी इतका आनंद होतो की दर वेळी रडू येतं, पण दर वेळी नंतर एक गोष्ट टोचते, त्या खऱ्या किशनचं काय? तोही बापाच्या धाकात वाढलेला पोरगाच होता, आणि एका बाईला विचारण्यावर उभा असलेला पिक्चर त्याचं शरीर मात्र त्याला न विचारता घेऊन टाकतो. तुम्ही मत लिहाल तेव्हा या शेवटाबद्दल नक्की लिहा, नुसतं हॅपी एंडिंग आवडलं म्हणून सोडू नका.

आणि 'दुविधा' बघायचा असेल तर 'पहेली'च्या नंतर बघा, तोही त्याच दिवशी नको. फार शांत पिक्चर आहे, पात्रं थोडंच बोलतात, त्याला एक अख्खी दुपार रिकामी ठेवा.