पाणी वाचवा, पण तांदळाचा तुकडा होऊ देऊ नका

भाताच्या खाचरात सतत पाणी उभं ठेवण्याऐवजी आलटून-पालटून ओलवणं आणि सुकवणं, ही पाणी वाचवण्याची आज सर्वाधिक माहितीची पद्धत. नीट केली तर उत्पादन न घटता सिंचनाचं पाणी ३० टक्क्यांपर्यंत वाचतं. मात्र बचत मोजताना आपण लिटर आणि क्विंटल मोजतो, गिरणीतून अखंड तांदूळ किती निघाला ते बघत नाही. खरा फरक तिथेच दिसतो.

सुरुवात पाण्याची पातळी दाखवणाऱ्या नळीपासून करा. साधारण ३० सेंमी लांब आणि १० ते १५ सेंमी रुंद प्लॅस्टिकची नळी घ्या. खालच्या अर्ध्या भागाला चहूबाजूंनी भोकं पाडा. भोकांचा भाग जमिनीत आणि १५ सेंमी वर राहील अशी ती रोवा आणि आतली माती काढून टाका. खाचरात पाणी असताना नळीच्या आतली आणि बाहेरची पातळी सारखी दिसली पाहिजे. दिसली नाही, तर भोकं चिखलाने बुजली आहेत. नळी बांधाजवळ पण खाचराच्या सरासरी उंचीच्या जागी ठेवा. खोलगट कोपऱ्यात ठेवली तर ती पाणी आहे असं सांगत राहील आणि उंचवट्यावरचं पीक सुकून जाईल.

पुनर्लागणीनंतर एक ते दोन आठवडे पाणी राहू द्या. तण फार असेल तर आणखी थोडं थांबा. मग पाणी आपोआप उतरू द्या. नळीतली पातळी जमिनीखाली १५ सेंमीवर गेली की पुन्हा ५ सेंमी पाणी भरा. जमिनीचा पृष्ठभाग कोरडा दिसला तरी घाबरू नका, मुळांना खाली ओल मिळते आहे. नत्राचा हप्ता द्यायचा असेल तर तो पाणी भरण्याच्या अगदी आधी द्या.

आता सगळ्यात नाजूक टप्पा. लोंबी निसवून फुलोरा येण्याच्या आठवडाभर आधीपासून फुलोऱ्यानंतर आठवडाभर खाचरात ५ सेंमी पाणी हवंच. या काळात ताण पडला तर दाणेच पोचट राहतात. त्यानंतर दूध भरतं, दाणा घट्ट होत जातो, आणि तांदूळ काचेसारखा होणार की पोटात पांढरा डाग घेऊन येणार, हे तेव्हा ठरतं. पानांना पाणी कमी पडलं की साखर कमी तयार होते. स्टार्चचे कण सैल बसतात, मधल्या पोकळीत हवा राहते आणि तोच भाग खडूसारखा पांढरा दिसतो. असा दाणा ठिसूळ असतो, गिरणीत तुटतो. कडक उन्हाच्या दिवसांत हे आणखी वाढतं.

गंमत अशी की सौम्य सुकवणी उलट फायद्याची ठरू शकते. मुळं जोमात राहतात, खोडात साठलेलं अन्न दाण्यात उतरतं, आणि काही प्रयोगांत अखंड तांदूळ वाढून पांढरेपणा कमी झाल्याचं दिसलं आहे. तीव्र सुकवणीत मात्र नेमकं उलट घडतं. म्हणून दाणे भरताना मी १५ सेंमीची वाट न पाहता १० सेंमीवरच पाणी भरावं असं म्हणेन. हलक्या, पाणी न धरणाऱ्या जमिनीत तर नक्कीच.

शेवटचं पाणी तोडण्याची घाई ही सर्रास होणारी चूक. लोंबीच्या टोकाचे दाणे आधी फुलतात, तळाचे शेवटी. टोक पिवळं झालं म्हणून पाणी बंद केलं तर तळाचे दाणे अर्धवट भरलेले राहतात. कापणीच्या साधारण दहा ते चौदा दिवस आधी पाणी काढणं पुरेसं आहे. दाण्यात २० ते २४ टक्के ओलावा असताना कापणी करा. शेतातच फार वाळलेल्या दाण्यावर दव पडलं की आत चिरा जातात. मग दोष पाण्याच्या पद्धतीला दिला जातो!

जमिनीतल्या धातूंचाही विचार हवा. पाणी साचलेल्या मातीत आर्सेनिक विरघळून दाण्यात जास्त जातं, सुकवणीने ते कमी होतं. कॅडमियमचं नेमकं उलट आहे, माती हवेशीर झाली की ते पिकाला सहज मिळतं. कॅडमियमची शंका असलेल्या जमिनीत लोंबी येण्याच्या आधी आणि नंतर प्रत्येकी सुमारे तीन आठवडे पाणी टिकवणं सुरक्षित.

फरक स्वतः तपासायचा असेल, तर एका खाचरात सतत पाणी ठेवून दुसऱ्यात आलटून-पालटून ओलवण्या-सुकवण्याची पद्धत वापरा, वाण आणि खत सारखंच. भात १४ टक्के ओलाव्यापर्यंत सावलीत वाळवा, दोन्हीकडचं सारखं वजन एकाच गिरणीतून काढा. पूर्ण दाण्याच्या तीन चतुर्थांश किंवा त्याहून लांब दाणे अखंड, बाकी कणी. दोन्ही ढीग तोला. मग शंभर दाणे उजेडासमोर धरून पांढऱ्या पोटाचे किती, ते मोजा आणि आकडे हंगामाच्या वहीत लिहून ठेवा.