जुन्या सुती साड्यांची गोधडी

गोधडीचं निम्मं काम कापड निवडतानाच होऊन जातं. साडी उजेडाकडे धरा. मागचा बसायचा भाग आणि पायाशी घासणारा काठ आधी विरतो. पदर आणि आत खोचलेलं टोक बहुधा धड निघतं. धड कापड वर-खाली, विरलेलं मधल्या थरांत. बोटांनी ताणल्यावर चर्रकन फाटेल ते मात्र फरशी पुसायलाच ठेवा. नायलॉनची साडी मिसळू नका, ती सुईखाली सरकते. जरीचे काठही कापून काढा.

तीन बाय सहा फुटांच्या गादीसाठी दोन सहावारी पुरतात. साडेपाच मीटरच्या साडीतून सात-सात फुटांचे दोन तुकडे निघतात, म्हणजे चार थर, शिवाय ठिगळांना मीटरभर कापड उरतं. नऊवारीतून तीन तुकडे निघतात. पन्हा पुरेसा असल्याने जोड लागत नाही.

आधी सगळं धुऊन खळ काढून टाका. ओलं पांढरं फडकं दाबून घासा. त्याला रंग लागला तर ती साडी वेगळी दोन-तीनदा धुवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात शेजारचा थर रंगेल.

फरशीवर सर्वांत खालचा थर उलटा अंथरा, कडांवर वजन ठेवा. प्रत्येक थर मधून कडेकडे तळव्याने सारखा करत न्या. मग वीतभर अंतरावर उभे-आडवे कच्चे टाके, तेही मधून बाहेर. कंटाळवाणं आहे, पण इथे घाई केलेली शेवटी दिसतेच.

वरच्या आणि खालच्या थराच्या कडा अर्धा इंच आत दुमडून चारी बाजूंनी धावदोरा घाला. तिथून चौकोनी फेऱ्यांनी आत या: दोन ओळींत बोटभर अंतर, टाका अर्ध्या सेंटिमीटरचा. दोरा सुतीच घ्या, पॉलिएस्टरचा चिवट दोरा जुन्या कापडाला कापतो. लांबी हातभर, त्याहून लांब घेतला तर गुंततो आणि पिंजतो. गाठ थरांच्या मध्ये लपवा. दाभण नको, त्याची भोकं बुजत नाहीत.

प्रत्येक फेरी थोडं कापड आत ढकलते, म्हणून मध्यभागी फुगा येतो. तो चुणी घालून दाबू नका. दोन फेऱ्या उसवा, कापड पुन्हा पसरा. कड आक्रसत असेल तर दोरा जास्त ओढला जातोय. दर ओळीनंतर गोधडी जमिनीवर टाकून हात फिरवला की हे लगेच कळतं. कच्चे टाके सगळ्यात शेवटी काढा.

धुतल्यावर दोरीवर टांगू नका, पाण्याच्या वजनाने टाके ओढले जातात. गच्चीच्या कठड्यावर पसरा, दुपारी उलटा. वरचं कापड विरलं की त्यावर आणखी एक साडी घालून शिवायची. पाच थरांत सुई जड जाते, म्हणून या खेपेला ओळी दोन बोटांवर घ्या.