फ्लॉक्स रुसतो कुठे? पेरणीपासूनच्या या चुका टाळा

दसरा झाला की ठाण्यातल्या नर्सऱ्यांमध्ये फ्लॉक्सच्या बियांची पाकिटं दिसू लागतात आणि बहुतेक जण त्याच रविवारी पेरून मोकळे होतात. निम्मं बी तिथेच वाया जातं. फ्लॉक्स हे मूळचं टेक्सासच्या वाळूतलं रानफूल. थॉमस ड्रमंड या स्कॉटिश वनस्पती-संग्राहकाने 1835 साली त्याचं बी तिथून ब्रिटनला पाठवलं, म्हणून शास्त्रीय नावात ड्रमंड आहे. तिकडे ते उन्हाळा सरून माती निवली की रुजतं आणि वसंतात फुलतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात तापलेल्या कुंडीत बी नुसतं पडून राहतं, नाहीतर कुजतं. रुजायला त्याला 18 ते 22 अंश मानवतात. आपल्याकडे दिवसा एवढा गारवा नसतोच, म्हणून नोव्हेंबरचा दुसरा आठवडा धरा. पहाटे पंखा कमी करावासा वाटला की पेरा आणि ट्रे सावलीत ठेवा.

पिटुनियाचं बी उघडं टाकायची सवय इथे नडते. फ्लॉक्सला रुजताना अंधार लागतो. बियांवर 3-4 मिलिमीटर चाळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पसरा, वर वर्तमानपत्राची घडी ठेवा आणि सहाव्या दिवसापासून रोज सकाळी ती उचलून बघा. एखादा वाकडा हिरवा कोंब दिसला की कागद त्याच दिवशी काढायचा. एका दिवसाचा उशीरही रोपं लांबुडकी व्हायला पुरतो.

रोप आडवं पडलंय? मातीलगतचं देठ बघा. तिथे ते दोऱ्यासारखं बारीक आणि तपकिरी झालं असेल तर ही मर, म्हणजे कोवळं रोप कुजवणारा बुरशीचा रोग आहे. पडलेलं रोप वाचत नाही. भोवतालच्या चमचाभर मातीसकट ते काढा आणि वरचा थर सुकेपर्यंत पाणी बंद ठेवा. खत वाढवून तर अजिबात उपयोग नाही.

मुळं दुखावलेली फ्लॉक्सला खपत नाहीत. चार-सहा पानांवर रोप मातीच्या गड्ड्यासकट हलवा. 8 इंची कुंडीत तीन रोपं पुरे. दोन भाग लाल माती, एक भाग वाळू, एक भाग गांडूळखत हे मिश्रण चालतं. निव्वळ कोकोपीटमध्ये पाणी धरून राहतं. बोटभर उंचीला शेंडा खुडा, नाहीतर एकच काडी वर जाते.

आता उन्हाचं. जूनमध्ये उत्तरेच्या बाल्कनीत सकाळ-संध्याकाळ ऊन येतं म्हणून कुंड्या तिथेच राहतात. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि त्या बाल्कनीत दिवसभर सावली असते. झाड हिरवंगार, फूल एक नाही! किमान पाच तास थेट ऊन हवं, म्हणून दक्षिणेची खिडकीच बरी. उन्हात असूनही नुसती पानंच वाढत असतील तर युरिया थांबवा.

पानांवर पिठासारखी पांढरी भुरी आली तर कुंड्या एकमेकींपासून वीतभर दूर करा, पाणी सकाळी बुंध्याशी द्या आणि पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात.

सुकलेले गुच्छ काढत राहा. बी हवं असेल तर दोन-चार ठेवा, पण बोंडं पिवळी पडताच त्यांच्यावर मलमलची पिशवी बांधा. वाळलेलं बोंड तडकतं आणि बी थेट शेजारच्यांच्या बाल्कनीत.