ब्रेझिंग करताना जॉब हलतो, कलतो, तडकतो? धरण्यातल्या या चुका टाळा

लोखंडी पाइपवर पितळेची फ्लँज (पाइपच्या टोकाची चकती) चढवली, गुण्या लावून काटकोन तपासला, व्हाइसमध्ये (शिकंज्यात) घट्ट आवळली, फ्लक्स (सांधा स्वच्छ ठेवणारा लेप) लावला. चांदीचा रॉडही छान वितळून सांध्यात झिरपला. गार झाल्यावर पुन्हा गुण्या लावला, तर फ्लँज कललेली. ब्रेझिंग, म्हणजे रॉड वितळवून धातूचे दोन भाग जोडणं, शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा प्रसंग येतो, आणि बहुतेक जण रॉड बदलतात, फ्लक्स बदलतात, नोझल बदलतात. दोष बहुधा जॉब, म्हणजे जोडायचं काम, धरण्यात असतो.

भाग जागेवर धरायचा म्हणजे जखडून टाकायचा, ही समजूत सगळ्यात महागात पडते. ब्रेझिंगमध्ये मूळ धातू वितळत नाही. ४५० अंशांच्या वर वितळणारा डाख (रॉडचा जोडणारा धातू) दोन भागांमधल्या केसाएवढ्या फटीत आपणहून ओढला जातो, त्यावर सगळा खेळ आहे. चांदीच्या रॉडसाठी ही फट प्रत्येक बाजूला ०.०५ ते ०.१२ मिमी असावी लागते, आणि तीही तापलेल्या अवस्थेत. टेबलावर गार असताना मोजलेली फट साडेसहाशे अंशांना तेवढीच राहत नाही. म्हणून भागाला जागा सोडू द्यायची नाही, पण फुगायला मोकळीक ठेवायची. पुढच्या बहुतेक चुका या एकाच गोष्टीच्या विसरातून होतात.

दोन धातूंचा हिशेब न करता आवळणे

५० मिमी व्यासाच्या लोखंडी गोलावर पितळेची रिंग बसवायची आहे, असं धरा. तापमान सुमारे ६२० अंशांनी वाढलं की पितळेचा व्यास ढोबळमानाने ०.६ मिमी वाढतो, लोखंडाचा ०.४ मिमीच्या आसपास. म्हणजे व्यासात ०.२ मिमी, प्रत्येक बाजूला ०.१ मिमी फट नव्याने तयार झाली. लेथवर (कातणयंत्रावर) ०.०५ची फट ठेवली असेल, तर डाख घालायच्या वेळी ती ०.१५ झालेली असते. ढिली झालेली रिंग घसरते आणि डाख खालून गळून जातो. अशा वेळी रिंग गार असताना हाताने जेमतेम सरकेल इतकी जवळ ठेवा.

उलट मांडणी अधिक धोक्याची. बाहेर लोखंड आणि आत पितळेचा बुश (आत बसवायची छोटी नळी) असेल, तर बुश फुगून अडकतो, फट बंद होते आणि डाख आत शिरतच नाही. वरून फक्त एक देखणी चकचकीत कड दिसते. दाब दिला की बुश निघून हातात येतो. इथे गार असतानाची फट मुद्दाम जास्त ठेवावी लागते.

पितळेबद्दल आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. लेथवर भुगा पडत सुरेख कापलं जाणारं पितळ, ज्यात शिसं मिसळलेलं असतं, ते गरम अवस्थेत ताण सहन करत नाही. क्लॅम्पमध्ये आवळून तापवलं तर सांध्याशेजारी केसासारखी चीर पडते. ती डोळ्यांना दिसत नाही, पाण्याच्या टेस्टिंगला गळते. अशा जॉबला क्लॅम्प लावूच नका. वजन ठेवा, टेकू द्या.

व्हाइसच्या जबड्यात सांधा

व्हाइस म्हणजे दहा-वीस किलो थंड लोखंड. सांधा जबड्यापासून बोटभर अंतरावर असेल, तर तुम्ही दिलेली निम्मी उष्णता व्हाइस पिऊन टाकतो. डाख नेहमी गरम बाजूकडे पळतो. जबड्याकडची बाजू कोरडी, पलीकडची भरलेली, असं दिसलं की कारण शोधायला दुसरीकडे जाऊ नका. यावर लोक आच वाढवतात. त्यामुळे फ्लक्स जळून काळा पडतो, आणि मग पुढे कितीही रॉड लावला तरी तो थेंब होऊन गोळ्यासारखा लोळत राहतो.

जॉब कमीत कमी ठिकाणी टेकला पाहिजे. स्टेनलेसच्या दोन पट्ट्या धारेवर उभ्या करा आणि त्यांवर जॉब ठेवा. स्टेनलेस उष्णता लोखंडापेक्षा बऱ्याच कमी वेगाने वाहून नेतं, म्हणून ते इथे उपयोगी. पांढऱ्या, हलक्या इन्सुलेशन विटा मिळाल्या तर फारच छान. त्यांत हाताने खिळा घुसतो, चाकूने खाच पाडता येते, त्यामुळे वेडावाकडा जॉबही त्यात नीट बसवता येतो. साधी लाल वीट ओली असेल तर तडकून कपच्या उडतात, आणि काँक्रीटच्या फरशीवर तर टॉर्च मारूच नये. जुन्या शेडमध्ये ॲस्बेस्टॉसचा पत्रा अजून पडलेला असतो. तो घासला, तोडला की त्याचे तंतू छातीत जातात. वापरू नका, कितीही सोयीचा वाटला तरी.

तार बांधली, पण सरळ आणि ताठ

बांधकामावरची काळी बाइंडिंग वायर ही आपल्याकडची सगळ्यात स्वस्त पक्कड. काम उत्तम करते, पण बांधायची रीत ठाऊक हवी. बारीक तार ज्योतीत आधी लाल होते. ती लांबून ढिली पडते, आणि ते नेमकं फ्लक्स उकळत असताना, जेव्हा धरून ठेवण्याची गरज सर्वांत जास्त असते. नंतर तांब्याचा जॉब तापतो. तांबं लोखंडापेक्षा जास्त फुगतं, तारेला ताणतं, आणि मऊ पडलेल्या नळीवर तार खोल वळ उठवते.

आमच्या शेडमध्ये एक जुने फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. ते तार बांधल्यावर पक्कडीने तिला दोन-तीन ठिकाणी नागमोडी मुरड घालायचे. मी नवीन होतो, मला ते उगाचचं नटवणं वाटायचं. ती मुरड म्हणजेच तारेची मोकळीक. जॉब फुगला की मुरड थोडी उघडते, वळ उठत नाही. तार पुन्हा आवळायची झाली, तर पीळ वाढवून ती तोडण्यापेक्षा मुरडच थोडी पिरगाळायची. शिवाय पिळाच्या गाठी समोरासमोर दोन ठेवा. एकाच बाजूला गाठ असली की ओढ एकीकडेच बसते आणि जॉब तिकडे सरकतो.

तार सांध्यावरून नेऊ नका, नाहीतर डाख तिला जॉबशी कायमची जोडून टाकतो. सांध्याजवळून न्यावीच लागली, तर आधी ती तापवून काळी करून घ्या किंवा तिच्यावर गेरूचा दाट लेप द्या. डाख गेरूवर धरत नाही. हाच लेप क्लॅम्पच्या टोकांना आणि पुन्हा काढायच्या स्क्रूला चालतो. पेन्सिलीचं शिसही चालतं. फक्त तो लेप ओघळून सांध्यात जाता कामा नये.

चमकदार जीआय तार मात्र कधीच नको. तिच्यावरचं जस्त पांढरा धूर होऊन उडतं. तो नाकात गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. जस्त चढवलेले नट-बोल्टही याच कारणासाठी ज्योतीपासून दूर ठेवा.

गोल सांध्याच्या एकाच बाजूला डाख

नळीत खुंटी बसवली, मोजमाप अगदी बरोबर, तरी सांधा अर्धाच भरला. खुंटी एका बाजूला टेकली की तिथे फट शून्य होते आणि समोर दुप्पट. दोन्ही ठिकाणी डाख नीट ओढला जात नाही. बाहेरून कितीही चांगलं धरलं तरी हा दोष जात नाही, कारण तो आतला आहे.

याला उपाय अगदी साधा. खुंटीच्या अंगावर समान अंतरावर तीन ठिकाणी सेंटर पंचने हलके ठोके द्या. प्रत्येक ठोक्याभोवती धातूची बारीक कड उठते. त्या तीन कडांवर खुंटी मधोमध बसते, फट सगळीकडे सारखी राहते आणि जॉब उलटा केला तरी खुंटी पडत नाही. ना क्लॅम्प, ना तार. मला तर वाटतं, चांगला ब्रेझिंगवाला टॉर्चपेक्षा लेथजवळ ओळखू येतो. फ्लँज खाली घसरते तर पाइपवर अर्ध्या मिमीची पायरी सोडा. पत्र्यावर दांडी उभी करायची असेल, तर पत्र्याला भोक पाडून दांडीचं टोक बारीक करून त्यात बसवा. दोन पितळी पट्ट्या जोडायच्या असतील, तर बारीक पितळी रिव्हेट मारा आणि ती आतच राहू द्या. प्रेस फिट (दाबून घट्ट बसवणं) मात्र नको. फटच उरली नाही, तर डाख जाणार कुठून?

फ्लक्स फुगतो तेव्हा

टाकणखार तव्यावर टाकला की लाहीसारखा फुलतो, हे घराघरांत माहीत आहे. पेस्ट फ्लक्समधलं पाणीही शंभर अंशांच्या पुढे तसंच उसळतं आणि हलका तुकडा उचलून बाजूला सारतं. म्हणून फ्लक्स पातळ लावा, थापू नका. सुरुवातीला ज्योत दूरवरून फिरवा. उसळणं थांबून पांढरा थर बसला की एकदा थांबून पाहा आणि तुकडा सरकला असेल तर टोकदार सळईने जागेवर ढकला. सहाशे अंशांच्या सुमाराला फ्लक्स काचेसारखा पारदर्शक होतो. इथवर सगळं जागेवर असेल, तर पुढे सहसा हलत नाही.

अशा हलक्या तुकड्यांसाठी मी एक ‘तिसरा हात’ करून ठेवला आहे. जड लोखंडी ठोकळ्यावर सैल बिजागरी, तिला वाकवलेली सळई, सळईचं टोक अणकुचीदार. टोक तुकड्यावर टेकवायचं. सळई स्वतःच्या वजनाने दाबत राहते, आणि डाख वितळल्यावर तुकडा जसा खाली बसेल तशी त्याच्यामागे जाते. स्प्रिंगचा चिमटा हे करू शकत नाही. तापला की स्प्रिंगचं पाणी उतरतं आणि ती लुळी पडते.

लेथ टूलवरची कार्बाइड टिप

यात मी सर्वांत जास्त माल वाया गेलेला पाहिला आहे. कार्बाइड (टूलच्या धारेचा अतिशय कठीण पदार्थ) तापल्यावर लोखंडाच्या जेमतेम निम्मं फुगतं. टिप क्लॅम्पने दाबून ब्रेझ केली, तर डाख पिळून बाहेर जातो आणि दोघांमध्ये नावापुरता पापुद्रा उरतो. गार होताना शँक (टिपखालचा लोखंडी दांडा) आकसतो, टिप तेवढी आकसत नाही, आणि मधे ताण पचवायला काही नसल्याने टिप आडवी तडकते. कधी लगेच, कधी ग्राइंडरवर लावल्यावर.

टिप खाचेत नुसती ठेवा. खालून शँक तापवा, टिपवर थेट ज्योत नको. डाख वितळला की सळईच्या टोकाने टिप थोडी मागे-पुढे सरकवा, म्हणजे अडकलेला फ्लक्स आणि बुडबुडे बाहेर येतील. मग ज्योत बाजूला करून, डाख गोठेपर्यंत हलक्या हाताने जागेवर धरा. मोठ्या टिपसाठी दोन्ही बाजूंना चांदीचा डाख आणि मधे तांबं असलेली तीन पदरी पट्टी मिळते. मधलं मऊ तांबं ताण झेलतं. टूल पाण्यात बुडवू नका, कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून ठेवा.

चुंबक, ॲल्युमिनियम, बंद पोकळी

वेल्डिंगचा बाणासारखा चुंबक तापला की दुबळा होतो. शिवाय पितळी रॉडने ब्रेझिंग करताना लोखंड ७७० अंशांच्या वर जातं, आणि तिथे ते स्वतःच चुंबकाला धरायचं सोडतं. ॲल्युमिनियमचा जिग (जॉब धरायचा साचा) हाताला हलका आणि बनवायला सोपा, पण ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं.

बंद पोकळीची गोष्ट वेगळी. दोन्ही बाजूंनी झाकण असलेला पाइप तापवला की आतली हवा फुगते. साडेसहाशे अंशांना तिचा दाब सुमारे तिप्पट होतो. झाकण तारेने बांधलेलं असलं तरी उचललं जातं, नाहीतर वितळलेल्या डाखातून हवा फुसकन बाहेर येऊन भोक पाडते. कुठेतरी दीड मिमीचं छिद्र ठेवा, नंतर बुजवता येतं.

घाईने सोडणे

ज्योत काढली, लाली गेली, म्हणून क्लॅम्प सोडला, असं करू नका. बऱ्याच रॉडचा डाख एकाच तापमानाला गोठत नाही. १५ टक्के चांदीचा तांबं-फॉस्फरस रॉड सुमारे ६४५ अंशांना वितळू लागतो आणि पूर्ण पातळ व्हायला ८०० अंश लागतात. मधल्या टप्प्यात तो ओल्या वाळूसारखा असतो. तेव्हा धक्का लागला तर सांधा दाणेदार, खरखरीत दिसतो. असा सांधा दिसला तर वरून रॉड फिरवून झाकू नका. पुन्हा फ्लक्स लावून पूर्ण वितळू द्या.

आणि जॉब साफ करायला तेजाबात टाकण्याआधी लोखंडी तार काढा. चांदी किंवा पितळेचा जॉब तारेसकट आम्लात गेला, तर आम्लात विरघळलेलं तांबं जॉबवर चढतं आणि तो गुलाबी होऊन बाहेर येतो. मग तो घासत बसावं लागतं.