सीओ लिहायला प्रश्नपत्रिकेपासून सुरुवात करा

अभ्यासक्रमातल्या प्रकरणांची नावे घेऊन प्रत्येकापुढे ‘विद्यार्थ्याला माहिती होईल’ असे जोडले की कोर्स आउटकम (सीओ, म्हणजे कोर्सच्या शेवटी विद्यार्थ्याला काय करता यावे याचे विधान) झाले, असे समजून अनेक विभाग फाइल बंद करतात. ‘माहिती होईल’, ‘आकलन होईल’, ‘जाणीव निर्माण होईल’ या गोष्टी कोणत्याही उत्तरपत्रिकेत दिसत नाहीत. दिसते ती कृती: विद्यार्थ्याने काय सोडवले, काय मांडले, कशात फरक केला.

म्हणून आधी ठरवा, सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यापुढे कोणते काम ठेवणार? बी.कॉम.च्या लेखाशास्त्रातले बँक जुळवणी पत्रक घेऊ.

कच्चे वाक्य: ‘विद्यार्थ्याला बँक जुळवणी पत्रकाची संकल्पना समजेल.’

सुधारलेले: ‘रोकड पुस्तक व पासबुक यांचा एकाच महिन्याचा उतारा दिला असता, विद्यार्थी दोन्ही शिलकींमधील फरकाची कारणे शोधून जुळवणी पत्रक तयार करू शकेल.’

यात काय दिले जाईल आणि काय करायचे, दोन्ही आले. तिसरा भाग निकषाचा. ‘पत्रक बिनचूक जुळले पाहिजे’ हा निकष चुकीचा, कारण एका नोंदीचे चिन्ह चुकले की शेवटची शिल्लक बिघडते आणि बाकीचे बरोबर आलेले कौशल्य शून्यात जाते. ‘सहापैकी किमान पाच नोंदी योग्य कारणासह अधिक किंवा वजा केल्या’ असा नोंदीगणिक निकष ठेवा. तो सीओच्या वाक्यात कोंबू नका, गुणदान योजनेत लिहा.

सीओची बौद्धिक पातळी ठरवताना सर्वाधिक गोंधळ होतो. शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांची अशा पातळ्यांची वर्गवारी 1956 ची, तिची सुधारित मांडणी 2001 ची: स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, सर्जन. क्रियापदांचे तक्ते सगळीकडे फिरतात आणि त्यात ‘तयार करणे’ सर्जनाखाली असते. पण ठरलेल्या पद्धतीने जुळवणी पत्रक तयार करणे हे उपयोजनच. वर्गात सोडवलेले उदाहरण आकड्यांसकट परीक्षेत आले तर ते स्मरणावर उतरते. पातळी क्रियापदाने नव्हे, कामाच्या नवेपणाने ठरते. सुरुवातीची शिल्लक ओव्हरड्राफ्टची, म्हणजे खात्यात असलेल्यापेक्षा जास्त काढलेल्या रकमेची, देऊन पाहा: दिलेले पण बँकेत सादर न झालेले धनादेश एरवी रोकड पुस्तकाच्या शिलकीत मिळवायचे असतात, इथे ओव्हरड्राफ्टच्या रकमेतून वजा करावे लागतात. चिन्हे पाठ करणारा इथे अडतो; ज्याला त्यामागचे कारण समजले तो पुढे जातो.

एका सीओत एकच क्रियापद मुख्य ठेवा. ‘व्याख्या सांगेल, तुलना करेल व वापरेल’ असे लिहिले आणि विद्यार्थ्याला फक्त व्याख्या आली, तर सीओ साध्य झाले की नाही? दोन क्रेडिटच्या थिअरी कोर्सला, म्हणजे तीसेक तासांना, चार सीओ पुरतात. दहा लिहिले तर प्रश्नपत्रिकेत सर्वांना जागाच मिळत नाही.

मग पेपर काढताना प्रत्येक उपप्रश्नापुढे सीओ क्रमांक आणि गुण लिहा. सीओ म्हणतो ‘तयार करेल’ आणि पेपरात येते ‘टीप लिहा: जुळवणी पत्रकाचे महत्त्व’. ही विसंगती इथेच पकडली जाते. पीओशी (प्रोग्रॅम आउटकम, म्हणजे संपूर्ण पदवीक्रमाच्या अपेक्षित फलिताशी) सीओ जोडताना संबंध किती घट्ट हे दाखवणारा 1, 2, 3 पैकी आकडा देण्याआधी विचारा, या सीओवरचा कोणता प्रश्न त्या पीओचा पुरावा ठरतो? पुरावा नसेल तर रकाना रिकामा ठेवा. सगळीकडे 3 भरलेला तक्ता काहीच सांगत नाही.

शेवटी कोर्स न शिकवणाऱ्या सहकाऱ्याला फक्त सीओ वाचून एक प्रश्न काढायला सांगा. त्यांचा प्रश्न तुमच्या मनातल्या प्रश्नाहून वेगळाच निघाला, तर शब्द बदला. निकालानंतर एखाद्या सीओची टक्केवारी पडली तर मात्र शब्द सौम्य करण्याची घाई नको. आधी त्या घटकाला दिलेल्या तासिका आणि सराव उदाहरणे मोजा.