दारूशिवायचा क्वीअर कट्टा: आधी काय काय बघून ठेवायचं

पुण्यात आपल्या क्वीअर लोकांना, म्हणजे गे, लेस्बियन, बाय, ट्रान्स वगैरेंना, भेटायचं म्हटलं की गाडी शेवटी कुठल्या तरी पबमधल्या पार्टीवरच येते, आणि महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ अन् बाकी दारूला २५ वय लागतं, मग होस्टेलवर राहणाऱ्या १९ वर्षांच्या पोराने आपली माणसं शोधायची कुठे? आणि ज्याला प्यायचीच नाही त्याने काय करायचं? म्हणून चहा-पोह्यांचा कट्टा करा, पण नीट करा.

जागा म्हणाल तर क्लासची खोली, सोसायटीचं क्लबहाऊस, काहीही चालेल. मालकाला मात्र खरं सांगा, आयत्या वेळी कुलूप लावण्यापेक्षा आधीच नाही म्हणाला तर बरं. कुणी समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची भीती घातली तर सज्ञान माणसांमधले संमतीचे संबंध गुन्हा नाहीत हा सुप्रीम कोर्टाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८लाच आलाय एवढं ऐकवा.

आता गेट. गेटवरचं रजिस्टर बघितलंत का? मागच्या वेळी आम्ही पंखे, स्पीकर, बाथरूमच्या कड्या सगळं तपासलं आणि हेच राहिलं. नाव, मोबाईल, कुणाकडे, कशासाठी. एक मुलगा त्या ‘कशासाठी’पाशी पेन धरून थांबला आणि तसाच परत गेला, मग ग्रुपही सोडला. घरी माहीत नसताना आपलं नाव-नंबर असं कुठे लिहून ठेवायचं म्हणजे किती धास्ती असते! ट्रान्स मित्रमैत्रिणींचं तर अजून अवघड, आधार मागितलं की जुनं नाव सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जातं. तेव्हा मालकाला सांगून वॉचमनशी आधी बोलून घ्या, सगळ्यांची मिळून एकच एन्ट्री आयोजकाच्या नावावर करा, ‘गप्पांचा कार्यक्रम’ एवढंच लिहा. जमत नसेल तर जागा बदला, खरंच बदला. सोसायटीत अ‍ॅपवर एन्ट्री असेल तर तेही रजिस्टरच, फोटोसकट!

वेळ रविवारी चार ते सात. होस्टेलची गेटं लवकर बंद होतात आणि घरी ‘क्लासला जातोय’ सांगून आलेले असतात. वय १८ पूर्ण हवंच, यात कुणाच्या ओळखीपाळखीने सूट नाही.

दारू नाही म्हणजे पिऊन येणंही नाही, कोल्ड्रिंकच्या बाटलीतूनही नाही, हे निमंत्रणातच लिहा, दारात वाद नको. कुणी प्यायलेला आलाच तर ओरडू नका, बाजूला घेऊन रिक्षा करून द्या. हातांना काहीतरी काम लागतं, म्हणून कॅरम, पत्ते ठेवा, नाहीतर नवीन आलेले फोनमध्ये डोकं घालून बसतात. फोटो बंद, स्टोरी बंद. छातीवर लावायच्या नावाच्या स्टिकरवर ज्याला हवं ते नाव.

आणि रजिस्टर! कार्यक्रमाच्या दिवशी पुन्हा विचारा, वॉचमनची शिफ्ट बदलते, नवीन माणसाला काही माहीत नसतं. अर्धा तास आधीपासून आपलं कुणीतरी गेटवर उभं हवं, आत नाही, गेटवर.

बाकी पाणी, कचऱ्याच्या पिशव्या, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ भिंतीवर. निघताना एकटं कुणी नको. येणाऱ्यांकडून आधी ऑनलाइन फॉर्म भरून घेतला असेल तर त्यातली नावं-नंबर त्याच रात्री डिलीट करा.